विश्लेषण : ओझे ओढायला डिझेल की पेट्रोल? या वादामागचे रुडॉल्फ डिझेल कोण होते?

फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घ्यायची आणि तिच्यामागे बोट, कॅराव्हॅन किंवा घोडे नेण्याची पेटी जोडायची, असे ठरले की ग्राहकापुढे पहिला प्रश्न इंजिनाचा येतो. डिझेल घ्यावे की पेट्रोल? कित्येक वर्षे याचे उत्तर ठरलेले होते. ओझे ओढायचे तर डिझेल. आता ते तितके सरळ राहिलेले नाही. ज्यांच्या नावाने इंजिन आणि इंधन दोन्ही ओळखले जाते, त्या रुडॉल्फ डिझेल यांना मात्र आपले इंजिन रस्त्यावर यशस्वीपणे धावताना पाहायला मिळाले नाही. वयाच्या ५५ व्या वर्षी ते भर समुद्रात जहाजावरून नाहीसे झाले. त्यांचे आयुष्य कसे होते, त्यांच्या इंजिनाला इतकी ओढ कुठून येते आणि आजच्या खरेदीदाराने त्यातून काय घ्यावे, याविषयी…

डिझेल हे माणसाचे आडनाव आहे?

होय. पेट्रोल इंजिनाला चार ठोक्यांचे चक्र देणारे निकोलाउस ऑटो हे अभियांत्रिकीच्या पुस्तकात राहिले. डिझेल यांचे नाव मात्र जगातल्या बहुतेक पंपांवर लिहिलेले असते आणि ते कुणाचे तरी आडनाव आहे हे टाकी भरणाऱ्याच्या मनातही येत नाही.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन, बव्हेरियातले. वडील थिओडोर मूळचे ऑग्सबर्गचे बुकबाइंडर, पॅरिसमध्ये चामड्याच्या वस्तू बनवत. घरची परिस्थिती बेताचीच होती. रुडॉल्फ फ्रेंच वातावरणात वाढला. पॅरिसमधल्या तंत्रज्ञानाच्या जुन्या संग्रहालयात जाऊन तो यंत्रांपुढे तासन् तास उभा राही. अठराव्या शतकात कुन्यो यांनी बनवलेली वाफेची अवजड तीनचाकी गाडी तिथेच ठेवलेली होती. तोफा ओढण्यासाठी बनवलेली ही गाडी म्हणजे एका अर्थी ओझे ओढणाऱ्या सगळ्या मोटारींची पणजीच.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथे सगळ्यांचे पोट भरणे अवघड होते, म्हणून १२ वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला ऑग्सबर्गला धाडण्यात आले. तिथे नात्यातले क्रिस्टोफ बार्निकेल गणित शिकवत. त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या घरी तो वाढला. पॅरिसमध्ये जर्मन म्हणून परका आणि ऑग्सबर्गमध्ये पॅरिसहून आलेला म्हणून परका, असा हा मुलगा अभ्यासात मात्र सगळ्यांच्या पुढे राहिला. आपल्याला इंजिनीअरच व्हायचे आहे, हे त्याने १४ व्या वर्षीच आईवडिलांना कळवून टाकले होते.

लिंडे यांच्या वर्गात काय घडले?

१८७५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले. तिथे त्यांना कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक लाभले. लिंडे म्हणजे कृत्रिम बर्फ आणि शीतकरणाचे एक जनक. उष्णता, दाब आणि काम यांचे गणित त्यांनी वर्गात मांडले, तेव्हा डिझेल यांना एक गोष्ट टोचली. वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा भागच कामाला लावते, बाकी सगळी धुराड्यातून आणि पाण्यातून वाया जाते. फ्रेंच अभियंते सादी कार्नो यांनी १८२४ मध्येच आदर्श इंजिनाचे गणित मांडून ठेवले होते. ते प्रत्यक्षात आणायचे, हे ध्येय डिझेल यांनी विद्यार्थिदशेतच मनाशी बांधले आणि पुढची १५ वर्षे ते त्यांच्या डोक्यातून गेले नाही.

१८७९ मध्ये ऐन परीक्षेच्या वेळी विषमज्वराने गाठले. परीक्षा हुकली. मधल्या काळात ते स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूर येथे सुल्झर यांच्या कारखान्यात काम शिकले आणि जानेवारी १८८० मध्ये संस्थेच्या इतिहासातील सर्वोत्तम गुणांसह उत्तीर्ण झाले. लगेच लिंडे यांनी त्यांना पॅरिसच्या बर्फ कारखान्यावर पाठवले. वर्षभरात ते तिथले व्यवस्थापक झाले. त्यांचे सुरुवातीचे पेटंटही इंजिनाचे नव्हते. बाटलीत थेट स्वच्छ बर्फ तयार करण्याचे होते. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी विवाह झाला, पुढे तीन मुले झाली.

नोकरी बर्फाची, डोक्यात मात्र उष्णता. वाफेऐवजी अमोनियाची वाफ वापरून इंजिन चालवण्याचे प्रयोग त्यांनी सुरू केले. त्यातच एकदा स्फोट झाला. जीव थोडक्यात वाचला, पण अनेक महिने रुग्णालयात काढावे लागले. प्रकृतीच्या तक्रारी पुढे आयुष्यभर मागे लागल्या. १८९० मध्ये लिंडे यांच्याच कामासाठी कुटुंबासह ते बर्लिनला आले. अमोनिया बाजूला पडला आणि साध्या हवेचा विचार पुढे आला.

ठिणगीशिवाय इंधन पेटते कसे?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचा खालचा भाग गरम होतो, हे लहानपणी प्रत्येकाने अनुभवलेले असते. हवा दाबली की तापते. खूप दाबली की इतकी तापते, की तिच्यात सोडलेले इंधन आपोआप पेट घेते. डिझेल इंजिनाचे सारे रहस्य एवढेच आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. हे मिश्रण फार दाबले तर ते वेळेआधी किंवा वेडेवाकडे पेटते. गॅरेजमध्ये त्याला इंजिन ‘नॉक’ करते असे म्हणतात. त्यामुळे पेट्रोल इंजिनात दाबण्याला मर्यादा येते. आजही बहुतेक पेट्रोल इंजिने मिश्रण साधारण ९ ते १३ पट दाबतात. डिझेल इंजिनात दाबली जाते ती नुसती हवा. तिच्यात पेटण्यासारखे काही नसतेच, त्यामुळे ती १५ ते २० पट दाबली तरी चालते. मग अगदी शेवटच्या क्षणी इंधनाचा फवारा आत जातो. जितके जास्त दाबावे, तितका उष्णतेचा मोठा हिस्सा कामाला लागतो. म्हणूनच डिझेल इंजिन कमी पिते.

गावाकडे विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन ज्यांनी हँडल मारून सुरू केले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आधी दाब सोडणारी कळ उचलायची, चाकाला वेग द्यायचा आणि कळ टाकायची. हवा दाबली गेली की इंजिन धडधडू लागते. ना प्लग, ना बॅटरी. पुण्यात खडकी येथे १९४६ मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने महाराष्ट्राच्या शेतीत ही यंत्रे इतकी रुजवली, की अनेक गावांत ‘इंजिन’ म्हणजे पाणी उपसण्याचेच इंजिन असा अर्थ झाला.

पेटंट ते प्रत्यक्ष इंजिन, चार वर्षे का लागली?

डिझेल यांनी फेब्रुवारी १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, वर्षभराने ते मिळाले. १८९३ मध्ये त्यांनी आपल्या सिद्धांतावर पुस्तक छापले आणि ते मोठमोठ्या कारखानदारांना पाठवले. ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइन्रिश फॉन बुत्स आधी साशंक होते, नंतर तयार झाले. हाच कारखाना पुढे ‘मान’ या नावाने ट्रक आणि जहाजांच्या इंजिनांसाठी ओळखला जाऊ लागला. पोलाद आणि तोफा बनवणारी क्रुप कंपनीही पैसा लावायला पुढे आली.

इथे एक अडचण होती आणि ती लपवण्यासारखी नव्हती. पेटंटमध्ये लिहिलेले इंजिन जसेच्या तसे बनवले असते तर ते चाललेच नसते. इंधन जळताना तापमान वाढू द्यायचे नाही, ही कार्नोच्या आदर्शाला चिकटून मांडलेली कल्पना कागदावर सुंदर होती. प्रत्यक्षात तसे इंजिन स्वतःचेच घर्षण पेलण्यात दमले असते. डिझेल यांना ते लवकरच उमगले. त्यांनी गणित बदलले आणि दुसरे पेटंट घेतले. पण पहिल्या पेटंटमधले इंजिन आणि बनलेले इंजिन एकच नव्हे, हा आक्षेप विरोधकांनी शेवटपर्यंत सोडला नाही. आक्षेपात तथ्य होते, हे मान्य करायला हवे. इंग्लंडमधील हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट यांनी जड तेलावर चालणारे इंजिन आधीच बनवले होते, हाही मुद्दा खरा. मात्र ते पेटवण्यासाठी बाहेरून तापवलेल्या भागाचा आधार लागे. केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर भरवसा ठेवणारे आणि इतकी बचत करणारे इंजिन डिझेल यांचेच.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. सुमारे तीन मीटर उंचीचे ते धूड बाहेरून पट्ट्याने फिरवण्यात आले आणि आत इंधन सोडताच दाब मोजणारे उपकरणच फुटून उडाले. इंजिन स्वतःहून चालले नाही, पण दाबलेल्या हवेत इंधन पेटते हे सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते पहिल्यांदा आपल्या बळावर फिरले, जेमतेम एक मिनिट. मग पुन्हा तीन वर्षे दुरुस्त्या. कोळशाची पूड वापरण्याची मूळ कल्पना सोडून खनिज तेल आले. इंधन आत फवारण्यासाठी अतिदाबाची हवा वापरायची युक्ती निघाली.

१७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी अधिकृत मोजमाप केले. इंजिनाची ताकद २० अश्वशक्तीच्या आसपास, पण कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या वर. त्या काळच्या चांगल्या वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून अधिक.

पैसा आला, तो टिकला का नाही?

निकाल जाहीर होताच परवान्यांसाठी रांग लागली. अमेरिकेत बिअरचा व्यवसाय करणारे अडॉल्फस बुश यांनी तिकडचे हक्क घेतले, त्यासाठी दहा लाख मार्क मोजले. डिझेल चाळिशीत लक्षाधीश झाले. म्युनिकमध्ये त्यांनी महाल म्हणावा असा बंगला बांधला. तेलक्षेत्रांत आणि जमिनींत पैसा गुंतवला. दोन्हीकडे तोंड पोळले.

इंजिनाचे म्हणाल, तर प्रयोगशाळेत चाललेले यंत्र आणि ग्राहकाच्या कारखान्यात रोज चालणारे यंत्र यांत फार अंतर असते. पहिल्या वर्षांत विकलेली अनेक इंजिने नीट चालेनात. तक्रारी, परतावे, न्यायालयीन वाद. डिझेल यांची प्रकृती ढासळली आणि १८९८ च्या सुमारास त्यांना मानसिक थकव्यामुळे आरोग्यधामात राहावे लागले. पेटंटचे हक्क त्यांनी एका कंपनीकडे सोपवले होते. त्यामुळे इंजिन सुधारण्याचे काम त्यांच्याशिवाय पुढे जाऊ लागले. शोधकर्त्याच्या वाट्याला नाव उरले, सूत्रे नाहीत.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तिथेच एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. वसाहतींना आपले इंधन शेतात पिकवता यावे, अशी त्यामागची कल्पना होती. बायोडिझेलची चर्चा आज होते, तिचे मूळ इतके जुने आहे. डिझेल यांनाही हा विचार पटला होता. १९०३ मध्ये त्यांनी श्रमिकांच्या सहकारावर एक पुस्तक लिहिले. कामगारांनी थोडे थोडे पैसे जमवून कारखान्यांचे मालक व्हावे, असा त्याचा आशय. १० हजार प्रती छापल्या, खपल्या त्यातल्या काहीशेच.

डिझेल जहाजांवर गेले, रस्त्यावर का आले नाही?

कारण ते फार जड होते. इंधन फवारण्यासाठी अतिदाबाची हवा हवी, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर हवा. वीजकेंद्रात किंवा जहाजात जागा असते, मोटारीत कुठून आणणार? त्याच काळात पेट्रोल इंजिन हलके आणि चपळ होत गेले आणि रस्ता त्याचा झाला.

समुद्रावर मात्र डिझेलने वाफेला हटवायला सुरुवात केली. १९०३ मध्ये व्होल्गा नदीत ‘वंडाल’ हे डिझेलचे तेलवाहू जहाज उतरले. फ्रेंच नौदलाने १९०४ मध्ये पाणबुडीत डिझेल बसवले. १९१२ मध्ये डेन्मार्कचे ‘सेलँडिया’ कोपनहेगनहून बँकॉककडे निघाले, तेव्हा बंदरांवरचे लोक चक्रावले. एवढ्या मोठ्या जहाजाला धुराडेच नव्हते. इंजिनांचा धूर डोलकाठ्यांतून बाहेर सोडलेला होता.

डिझेल यांनी रस्त्याचा नाद सोडला नव्हता. १९०८ च्या सुमारास वाहनासाठी छोटे इंजिन बनवून पाहिले, जमले नाही. सुल्झर कंपनीबरोबर डिझेल रेल्वे इंजिन तयार केले, ते १९१२ मध्ये चाचणीला उतरले. गाडी ओढायला लागणारे सुरुवातीचे बळ थेट जोडलेल्या इंजिनातून मिळवणे कठीण गेले आणि तो प्रयोगही फसला.

‘ड्रेस्डेन’ जहाजावर त्या रात्री काय झाले?

२९ सप्टेंबर १९१३. बेल्जियममधील अँटवर्पहून इंग्लंडच्या हार्विच बंदराकडे जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ या आगबोटीवर डिझेल चढले. लंडनमध्ये इंग्लिश डिझेल कंपनीची बैठक होती. सोबत बेल्जियमचे कारखानदार जॉर्ज कारेल्स आणि आणखी एक सहकारी होते. तिघांनी एकत्र जेवण केले, डेकवर फेरफटका मारला. रात्री दहाच्या सुमारास डिझेल आपल्या खोलीत गेले. सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून ठेवले.

सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कुणी झोपलेले नव्हते. रात्रीचे कपडे काढून ठेवलेले, घड्याळ बिछान्यातून दिसेल असे लावलेले. मागच्या डेकवर कठड्याजवळ त्यांची टोपी आणि व्यवस्थित घडी घातलेला ओव्हरकोट सापडला.

दहाएक दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना उत्तर समुद्रात मृतदेह दिसला. तो ओळखण्यापलीकडे गेला होता. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. गोळ्यांची डबी, पाकीट, चाकू, चष्म्याचे घर. धाकटा मुलगा ऑयगेन याने त्या वडिलांच्या असल्याचे ओळखले.

अफवांना ऊत आला. जर्मन नौदलाने, कारण पाणबुड्यांचे गुपित इंग्रजांच्या हाती लागू नये. तेल कंपन्यांनी, कारण शेंगदाण्याचे तेल त्यांच्या मुळावर येईल. युद्ध वर्षभरावर आले होते, जर्मनीची पहिली डिझेल पाणबुडी त्याच वर्षी नौदलात दाखल झाली होती, त्यामुळे पहिली शंका लोकांना पटेही. पुरावा मात्र कशाचाच पुढे आला नाही. उलट घरचे चित्र वेगळे होते. निघण्यापूर्वी त्यांनी पत्नीकडे एक बॅग दिली होती आणि ती पुढच्या आठवड्यात उघडायला सांगितले होते. आत रोकड होती आणि बँक खाती जवळजवळ रिकामी असल्याचे दाखवणारे कागद होते. डायरीत २९ सप्टेंबरच्या तारखेपाशी फुलीची खूण होती. बहुतेक चरित्रकारांचा कल आत्महत्येकडे आहे.

त्यांची कबर कुठेच नाही. ऑग्सबर्गच्या एका उद्यानात मोठमोठे दगड रचून त्यांचे स्मारक केलेले आहे. ते १९५७ मध्ये यानमार या जपानी इंजिन कंपनीचे संस्थापक मागोकिची यामाओका यांनी भेट दिले.

ओझे ओढण्याचे काम डिझेलकडे कसे आले?

डिझेल यांच्या पश्चात जर्मन अभियंत्यांनी हवेचा कॉम्प्रेसर काढून टाकण्याचा मार्ग शोधला. बेन्झ कंपनीतील प्रॉस्पर लोरांज यांचे काम त्यात महत्त्वाचे. इंजिन हलके झाले आणि रस्त्यावर येण्याआधी ते शेतात उतरले. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बेन्झ-झेंडलिंग हा डिझेल ट्रॅक्टर आला, १९२३-२४ मध्ये डिझेल ट्रक आले. बॉश कंपनीने १९२७ पासून इंधन फवारणारे अचूक पंप मोठ्या संख्येने बनवले आणि गाडी सुटली. १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही डिझेल मोटार बाजारात आली.

फोर-व्हील ड्राइव्हची वाट मात्र पेट्रोलवरच सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप पेट्रोलची, १९४८ ची लँड रोव्हरही पेट्रोलची. लँड रोव्हरला डिझेल मिळाले १९५७ मध्ये. आपल्याकडे महिंद्राने जीप बांधायला घेतली तीही आधी पेट्रोलचीच. पुढे डिझेल आले आणि १९८० च्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यात पूजो कंपनीच्या रचनेची डिझेल इंजिने बनू लागली. डोंगराळ आणि ग्रामीण भागातल्या जीपगाड्यांची ओळख मग डिझेलच्या आवाजाशीच जोडली गेली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जुन्या साध्या डिझेल इंजिनाची ओढ, म्हणजे टॉर्क, तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल इंजिनापेक्षा जास्त नसे, बऱ्याचदा कमीच असे. त्याचे गुण वेगळे होते. कमी फेऱ्यांत मिळणारे बळ, कमी खप आणि टिकाऊपणा. आजची अफाट ओढ आली ती टर्बोचार्जरमुळे. टर्बो जास्त हवा आत कोंबतो. पेट्रोल इंजिनात तसे केले की नॉकिंगची भीती. डिझेलमध्ये आत नुसतीच हवा, त्यामुळे बिनधास्त कोंबता येते. १९७८ मध्ये मर्सिडीजने टर्बो डिझेल मोटार विकायला काढली आणि पुढच्या दोन दशकांत फोर बाय फोर गाड्यांनी तीच वाट धरली. डिझेल यांनी ठिणगी टाळण्यासाठी नुसती हवा दाबायचे ठरवले, त्याचे खरे फळ जवळपास ८० वर्षांनी ओढणाऱ्यांच्या पदरात पडले.

मग आज डिझेल की पेट्रोल?

आधी ओढ आणि ताकद यांतला फरक. अश्वशक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग. रिकाम्या महामार्गावर वेग गाठायला अश्वशक्ती लागते. ट्रेलरसह चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलायला कमी फेऱ्यांतली ओढ लागते. उसाच्या हंगामात भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच पटेल. त्याच्या इंजिनाची अश्वशक्ती साध्या मोटारीहून कमी असू शकते, पण तो हलतो.

आता टर्बो पेट्रोलने हे अंतर बरेच मिटवले आहे. टोयोटाच्या लँड क्रूझर ३०० मध्ये ३.३ लिटरचे डिझेल इंजिन ७०० न्यूटन मीटर टॉर्क देते, तर ३.५ लिटरचे पेट्रोल ६५०. दोन्हींना साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढायची मुभा आहे. २०२० मध्ये आलेल्या महिंद्रा थारमध्ये तर गिअरच्या पेट्रोल आणि डिझेल दोन्ही आवृत्त्यांचा टॉर्क सारखाच, ३०० न्यूटन मीटर होता. कागदावर बघितले तर वाद संपला, असे वाटेल.

तो संपत नाही, कारण खरा फरक टाकीत दिसतो. डिझेलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त ऊर्जा असते आणि इंजिन ती अधिक नेटाने वापरते. शिवाय पूर्ण ओझ्याखाली पेट्रोल इंजिन तापू लागले, की त्याचा संगणक आतले भाग थंड राखण्यासाठी गरजेपेक्षा जास्त इंधन सोडतो. ट्रेलर जोडताच पेट्रोल गाडीचे अॅव्हरेज जोरात कोसळते ते म्हणूनच. ऑस्ट्रेलियात दोन पंपांमध्ये शेकडो किलोमीटरचे अंतर असते. तिथल्या कॅराव्हॅनवाल्यांची पसंती डिझेलला आहे, यात नवल नाही.

उताराला मात्र चित्र उलटते. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की पेट्रोल इंजिन गाडी चांगली अडवून धरते, कारण त्याची हवेची झडप बंद होते आणि पिस्टनला रिकामी पोकळी ओढावी लागते. साध्या डिझेलमध्ये अशी झडप नसते, म्हणून अवजड ट्रकना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक लावावा लागतो. कसारा किंवा खंबाटकीच्या उतारावर मागे दोन टन असतील, तर कोणतेही इंजिन असो, गिअर आधीच खाली आणलेला बरा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत ते वेगळेच.

डिझेलची दुसरी बाजू त्याच उष्णतेतून येते. जास्त तापमान आणि जास्त हवा यांमुळे नायट्रोजनचे घातक ऑक्साइड तयार होतात, फवाऱ्याच्या कडेला अर्धवट जळून काजळी होते. २०१५ मध्ये फोक्सवॅगनने चाचणीत फसवणूक केल्याचे उघड झाले, ते याच ऑक्साइडच्या बाबतीत. आता काजळी पकडणारी गाळणी आणि बऱ्याच मोठ्या गाड्यांत युरियाच्या द्रावणाची टाकी असते. गाळणी साफ होण्यासाठी धूर चांगला तापावा लागतो. ओझे ओढत लांब जाणाऱ्या गाडीत तो तापतो. शाळा, बाजार, ऑफिस अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तापत नाही, गाळणी तुंबते आणि दुरुस्तीचे बिल डोळे पांढरे करते. दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांवर दहा वर्षांच्या वयाची टांगती तलवार आली. एप्रिल २०२० मध्ये भारतात बीएस-६ निकष लागू होताना मारुती सुझुकीने डिझेल मोटारी बंदच केल्या.

त्यामुळे खरेदीदाराने आधी आपले वर्ष मोजावे. दर आठवड्याला दीड-दोन टन जोडून लांबचा पल्ला असेल, तर डिझेलची जास्तीची किंमत इंधनात वसूल होण्याची शक्यता मोठी. वर्षातून चार वेळा बोट पाण्यापर्यंत न्यायची आणि एरवी शहरातच फिरायचे असेल, तर टर्बो पेट्रोल कमी कटकटीचे. दोन्ही बाबतींत इंजिनाआधी एक आकडा पाहावा लागतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली ओढण्याची कमाल मर्यादा आणि गाडी, माणसे, सामान, ट्रेलर यांचे मिळून चालणारे एकूण वजन. टॉर्क कितीही असला तरी कायद्याने आणि विम्याने धरला जातो तो हाच आकडा.